वर्गाच्या पुढे वाचणारं मूल: शाळेशी कसं बोलायचं आणि काय मागायचं

दुसरीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत पायरीवर बसून भेळेचा कागद वाचत होती. भेळ कधीच संपली होती. कागदाला तेल आणि चिंचेचं पाणी लागलेलं, आणि ती तो उलटसुलट करून काहीतरी शोधत होती. काय हरवलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "बाई, इथं लिहिलंय 'उर्वरित पान ७ वर'. ते पान कुणाच्या भेळेत गेलं असेल?"

मी तेव्हा त्याच शाळेत शिकवत होते. मला तिचं कौतुक वाटलं, घंटा झाली आणि आम्ही दोघी वर्गात गेलो. वर्गात तिच्यासाठी होता पाच ओळींचा उतारा, तो तिनं आदल्या आठवड्यातच वाचून टाकलेला. ते वर्ष तिनं फळा पुसण्यात, वह्या वाटण्यात आणि मागच्या बाकावरच्या दोघांकडून बाराखडी घोटून घेण्यात घालवलं. तिला एखादं पुस्तक द्यावं, हे मला त्या वर्षी सुचलं नाही. पुढे माझ्या मुलाच्या वेळी मी पालक म्हणून बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसले. शाळेला काय जड जातं आणि पालकांचं कुठे चुकतं, हे दोन्ही मग कळलं. पुढचं सगळं त्यातून आलेलं आहे. मुख्यतः पहिली ते चौथीच्या पालकांसाठी आहे, मधला एक भाग शिक्षकांसाठी.

अशा मुलाला शाळेच्या वेळेत दोन गोष्टी लागतात: हातात त्याच्या ताकदीचं पुस्तक, आणि त्या पुस्तकाबद्दल बोलायला एक मोठं माणूस. शाळेकडे मागायचं ते एवढंच, आणि बाईंना लगेच "बरं" म्हणता येईल इतकं छोटं करून मागायचं.

पहिलं काम घरी: मूल वाचतं म्हणजे नेमकं काय करतं?

मराठीत ही पायरी गाळून चालत नाही, आणि याला कारण आपली लिपी. देवनागरीत जसं लिहिलं तसंच बहुतेक वाचायचं असतं. बाराखडी पक्की झाली आणि जोडाक्षरं जमली की सहा वर्षांचं मूल वर्तमानपत्रातला अग्रलेखसुद्धा खणखणीत वाचून दाखवतं. घरात आनंदीआनंद होतो. पण 'वित्तीय तूट' हे दोन शब्द न अडखळता उच्चारणं वेगळं आणि ते कळणं वेगळं. म्हणून मोठ्यानं वाचलेलं ऐकून मूल किती पुढे आहे ते ठरवू नका. वेगावरून तर मुळीच नको.

गफ आणि टन्मर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाची एक सोपी मांडणी केली. अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज, म्हणजे वाचन. बेरीज नाही, गुणाकार. त्यामुळे एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच येतं. आपल्या मुलांची पहिली बाजू लवकर तयार होते, म्हणून दुसरी मुद्दाम तपासायची.

घरच्या घरी असं करा. बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. दुसरी ते सहावीची मराठीची पुस्तकं घ्या आणि प्रत्येकातून मुलानं न पाहिलेला शंभरेक शब्दांचा उतारा निवडा. मुलाला तो मनात वाचू द्या. मग पुस्तक मिटून तीन प्रश्न विचारा. काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग. असं का झालं असेल? आणि उताऱ्यातला एखादा अवघड शब्द दाखवून, इथं याचा अर्थ काय असेल? तिसऱ्या प्रश्नातून सगळ्यांत जास्त कळतं, कारण शब्द माहीत नसताना आजूबाजूच्या वाक्यांवरून अर्थ काढणं हे खऱ्या वाचकाचं काम आहे. दुसरीपासून सुरुवात करून वर वर जा. 'का'चं उत्तर डगमगायला लागलं की थांबा. त्याच्या एक इयत्ता खालची पातळी ही मुलाची आरामात वाचण्याची जागा, असं धरून चाला. एका बैठकीत दोनच उतारे घ्या. मुलाला परीक्षा वाटली की तो शाळेतल्यासारखी उत्तरं द्यायला लागतो.

मराठीपुरती एक छोटी युक्तीही आहे. 'बाबा गावाला जात आहेत' आणि 'हापूस ही आंब्याची एक जात आहे' ही वाक्यं एकाखाली एक लिहून द्या आणि मोठ्यानं वाचायला सांगा. शब्द तोच, अक्षरं तीच, पण 'ज' वेगळा. घरी मराठी बोलणारं मूल अर्थ धरून वाचत असेल तर दुसऱ्या ओळीत त्याचा 'ज' आपोआप बदलतो. चुकून पुढे गेलं आणि परत मागे येऊन दुरुस्त केलं, तर तेही उत्तमच, मूल स्वतःचं वाचन ऐकतंय असा त्याचा अर्थ. दोन्हीकडे एकच उच्चार करून काही न खटकता पुढे गेलं, तर अजून समजेपेक्षा अक्षरं पुढे आहेत.

एखादं मूल फार लवकर सगळं वाचायला लागतं, पण वाचलेलं सांगू शकत नाही, वयाच्या मानानं बोलणं कमी असतं आणि पाट्या किंवा आकडे तेच ते वाचत राहतं. असं दिसलं तर शाळेच्या आधी मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञ डॉक्टरांना भेटा. त्याला लागणारी मदत वेगळी असू शकते.

लिहिणं मागे असणार, हे धरून चला

सात वर्षांच्या मुलाची नजर दहा वर्षांच्या मुलासारखी वाचते, पण हात सातच वर्षांचा असतो. बाईंना रोज दिसते ती वही. वहीत वेडंवाकडं अक्षर, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, अर्धवट सोडलेलं उत्तर. मग पालक म्हणतात, हा पाचवीचं वाचतो, आणि बाईंना वाटतं, आईबापांना आपलं मूल म्हणजे काय वाटतंय कोण जाणे. दोघंही खरं तेच सांगत असतात. शाळेत जाण्याआधी ही गोष्ट स्वतःशी मान्य करा आणि बाईंसमोर आपणच आधी बोलून दाखवा. अर्धा ताण तिथंच जातो.

पंधरा दिवसांची वही

चाळीस पानी वही घ्या. तारीख, काय वाचलं, किती वाचलं, आणि मुलानं विचारलेला एक प्रश्न किंवा काढलेलं एक वाक्य. रोज दोन ओळी पुरेत. प्रश्नाचा रकाना चुकवू नका. 'आज ४० पानं वाचली' यातून बाईंना काही कळत नाही. 'वाघ बोलतो हे खोटं आहे, मग गोष्टीतल्या माणसांना आश्चर्य का वाटत नाही असं विचारलं' यातून मूल कुठं पोचलंय ते लख्ख दिसतं. पुस्तक सोडून दिलं असेल तर तेही लिहा, शक्य तर का सोडलं तेसुद्धा.

शाळेला उत्तर का सापडत नाही

बहुतेक वेळा यात वाईट हेतू नसतो. शिक्षकाच्या हातातली सगळी साधनं मागे राहिलेल्या मुलांना शोधण्यासाठी केलेली आहेत. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीची चाचणी पाहा: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. ती गोष्ट वाचता आली की चाचणी संपली. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं हे उद्दिष्ट आहे. ही कामं फार मोलाची आहेत. वाचता न येणारं मूल वर्गात असताना शिक्षकाचं लक्ष आधी तिकडेच जायला हवं, असं मी आजही म्हणेन. पण याचा परिणाम असा होतो की तुमच्या मुलाच्या नावापुढे बरोबरची खूण झाली की तो कागदावरून नाहीसाच होतो. त्याच्यापुढे काय करायचं, याचा रकानाच नाही.

दुसरं कारण कुलूप लावलेल्या कपाटात आहे. शाळेत गोष्टीची पुस्तकं असतात, पण ती डेडस्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या सामानाच्या, नोंदवहीत चढवलेली असतात. हरवलं तर उत्तर शिक्षकांना द्यावं लागतं, मग किल्ली कपाटाला कमी आणि ड्रॉवरमध्ये जास्त राहते. हे माहीत असेल तर काय मागायचं आणि सोबत काय द्यायचं, ते नीट ठरवता येतं.

भेट कधी, कुठे आणि पहिलं वाक्य काय

माझ्या मुलाला गणिताच्या वहीखाली गोष्टीचं पुस्तक ठेवून वाचायची सवय लागली होती. एके दिवशी पकडला गेला. पुस्तक जप्त झालं, डायरीत लाल शाईनं शेरा आला. मी स्वतः शिक्षिका, मला राग आवरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातच, इतर पालकांसमोर, मी त्याच्या बाईंना म्हटलं, "त्याला वर्गात कंटाळा येतो, म्हणून वाचतो तो." बाईंनी ऐकलं ते असं: तुम्ही कंटाळवाणं शिकवता. पुढचे चार महिने आमच्यात फक्त डायरीतून बोलणं झालं, आणि त्याचं नुकसान मुलाला झालं. ते पुस्तक परत मिळालं ते दिवाळीच्या सुट्टीआधी.

म्हणून फाटकात बोलू नका, आणि पालकसभेच्या रांगेतही नको. डायरीत दोन ओळी लिहून वेळ मागा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाईंना बसायला सवड असते. आधी वर्गशिक्षकांनाच भेटा, मुख्याध्यापकांकडे थेट गेलात तर बाईंना तक्रार वाटते. मुलाला सोबत नेऊ नका. न्यायचं ते वही आणि त्याला सध्या आवडलेलं एक पुस्तक.

बोलण्याची सुरुवात प्रश्नानं करा. "बाई, तो वर्गात कसा असतो?" आणि मग खरंच ऐका. तो शेजारच्याला काम करू देत नाही, मध्येच गोष्टीचा शेवट सांगून टाकतो, गटात बसायला कुरकुर करतो, असं काही ऐकायला मिळेल. तेही खरं असतं. नंतर वही पुढे करा. "घरी तो हे वाचतो. लिहिण्यात तो मागे आहे हे आम्हालाही दिसतं. वाचनाचं काय करावं हे आम्हाला सुचत नाही, तुम्हाला काय वाटतं?" 'हुशार' हा शब्द वापरू नका. 'त्याला सगळं येतं' हे तर चुकूनही नको. 'तो हे वाचतो' एवढंच म्हणा.

बाई म्हणतील, "मला सगळ्यांना सारखंच वागवावं लागतं." त्याला उत्तर असं: "बरोबर आहे. मग जो कोणी काम लवकर संपवेल त्या प्रत्येकासाठी कोपऱ्यात सात-आठ पुस्तकं ठेवली तर? पुस्तकं मी आणून देते, महिन्यानं बदलते." माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त वेळा होकार मिळालेली मागणी ही आहे. एकट्या मुलासाठी काही मागितलं की ती सवलत होते. वर्गासाठी मागितलं की तो उपक्रम होतो. त्यातून आणखी दोन-तीन वाचणारी मुलं वर्गात सापडतात, आणि तुमच्या मुलाला सोबत मिळते ती वेगळीच.

"आधी अक्षर सुधारू दे" असं म्हणाल्या तर अक्षराचं काम घरी घ्या, रोज पाच ओळी. पण वाचन त्यावर अडवून ठेवू नये, हे सौम्यपणे आणि स्पष्ट सांगा. अक्षराची शिक्षा पुस्तकाला नको.

तोंडी ठरलेलं कागदावर आणा

बाई विसरतात म्हणून हे करायचं असं नाही. वर्षाच्या मध्ये बदली होते, वर्ग बदलतो, म्हणून कागद असलेला बरा. असा अर्ज चालतो:

प्रति, वर्गशिक्षिका, इयत्ता दुसरी.
विषय: वर्गात अवांतर वाचनाची परवानगी मिळण्याबाबत.

महोदया,
माझा मुलगा आपल्या वर्गात शिकतो. घरी तो सध्या चौथीच्या पातळीचा मजकूर समजून वाचतो. पंधरा दिवसांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. त्याचे लेखन वर्गाच्या बरोबरीचे आहे व त्याचा सराव आम्ही घरी घेत आहोत. वर्गातील काम पूर्ण झाल्यावर त्यास गोष्टीचे पुस्तक वाचू द्यावे, आठवड्यातून एक पुस्तक ग्रंथालयातून घरी नेण्याची परवानगी द्यावी, आणि शक्य झाल्यास शनिवारी पाच मिनिटे त्याने काय वाचले याबद्दल आपण त्याच्याशी बोलावे, ही विनंती. पुस्तक फाटल्यास किंवा हरवल्यास ते भरून देण्याची जबाबदारी आमची राहील. एक महिना हे करून पाहावे व त्यानंतर आपणास योग्य वाटेल तसे ठरवावे.
आपली नम्र.

'भरून देण्याची जबाबदारी आमची' या वाक्यानं कपाट उघडतं. आणि 'एक महिना' या शब्दांमुळे बाईंना कायमचं काही गळ्यात पडल्यासारखं वाटत नाही.

कायद्याचा आधारही माहीत असावा, पण पहिल्या भेटीत तो काढायचा नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा अध्यापन देणं आणि पालकांना नियमित भेटून मुलाची प्रगती सांगणं ही शिक्षकांची कर्तव्यं आहेत. त्याच कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावं असं म्हटलेलं आहे. जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कपाट वर्षभर बंदच असेल तर तो विषय त्या बैठकीत मांडा, कुणा एका बाईंचं नाव न घेता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष आवड आणि क्षमता असलेल्या मुलांना नेहमीच्या अभ्यासापलीकडे जायला शिक्षकांनी प्रोत्साहन द्यावं, असं म्हटलं आहे.

बाई आणि सरांसाठी: वेगळा पाठ नको, वेगळा प्रश्न पुरतो

चाळीस मुलांत एकासाठी वेगळी तयारी करा, असं मी कुणाला सांगणार नाही. तेवढा वेळ नसतो. पण पाठ तोच ठेवून प्रश्न बदलता येतो. कावळा आणि चिमणीची गोष्ट घ्या. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पाऊस येतो, घर वाहून जातं, कावळा दार ठोठावतो. वर्गाला विचारायचं, कुणाचं घर कशाचं होतं? पुढे वाचणाऱ्या मुलाला विचारा: 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते' असं चिमणी म्हणते ते खरं असेल का? ती सरळ 'नाही' का म्हणत नाही? हीच गोष्ट कावळ्यानं सांगितली तर पहिलं वाक्य काय असेल? एका मुलानं मला लिहून दिलं होतं, "मी पावसात उभा होतो आणि आत दिवा होता." दुसरीतलं मूल. शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. मी त्या चुका त्या दिवशी दाखवल्या नाहीत.

परिपाठात बातम्या वाचून दाखवायला अशाच मुलाला उभं करतात. वाचून दाखवण्याऐवजी त्याला बातमी निवडायला सांगा आणि हीच का निवडली ते दोन वाक्यांत बोलायला सांगा. 'आनंददायी शनिवार' या शाळेच्या उपक्रमात तो पहिलीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवू शकतो. मागे पडलेल्या मुलांकडून बाराखडी घोटून घ्यायला मात्र रोज बसवू नका. कधीतरी ठीक, तेही त्याला विचारून. रोज केलं की ज्याला शिकवायचं तो मुलगा दुखावतो आणि शिकवणाराही शिकत नाही. मी हे वर्षभर केलेलं आहे, म्हणून सांगते.

आणखी एक. केंद्रप्रमुख किंवा अधिकारी भेटीला आले की आपण त्याच मुलीला उभी करतो. ती फाडफाड वाचते, पाहुणे मान डोलावतात. पाहुणे गेल्यावर पुस्तक कपाटात जातं. तिच्या हातात ते राहू द्या, घरी नेऊ द्या.

द्विशिक्षकी शाळेत हे सगळं सोपं असतं. पहिली ते चौथी एकाच खोलीत किंवा दोन खोल्यांत असते, मराठीच्या तासाला दुसरीतलं मूल चौथीच्या गटात सरकलं तर कुणाचं लक्षही जात नाही. मोठ्या शाळांनाही मराठीच्या एका तासापुरतं हे करता येतं.

"वरच्या वर्गातच बसवा" असं कुणी सुचवलं तर

माझं मत: फक्त वाचनात पुढे असलेल्या मुलासाठी घाई करू नका. शिक्षण हक्क कायदा वयानुरूप वर्गाचा विचार करतो, त्यामुळे कागदोपत्रीही हे सोपं नाही. शिवाय वरच्या वर्गात गणित, लिखाणाचा वेग आणि डबा खाताना सोबतची मुलं, हे सगळं एकदम बदलतं. सगळ्याच विषयांत आणि वागण्यातही मूल दोन इयत्ता पुढे असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा मानसशास्त्रीय चाचणी करून घ्या. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत, १९६२ पासून बुद्धिमान मुलांच्या शिक्षणावर काम करणाऱ्या संस्थेत, या विषयाचा अनुभव आहे.

काय वाचायला द्यायचं

वय सातचं आणि वाचन अकराचं, ही खरी अडचण इथे येते. मूल वाचू शकतं ते सगळं त्याच्यासाठी नसतं. वर्तमानपत्रातलं गुन्ह्यांचं पान त्याला अगदी सहज वाचता येतं. वर्तमानपत्र लपवण्यापेक्षा सांगून ठेवा, "काही वाचून पोटात कसंतरी झालं तर ते पान मला आणून दाखव." मुलं आणून दाखवतात.

दर वेळी आधीपेक्षा अवघड पुस्तक द्यायची धडपड करू नका. वर चढवण्याऐवजी आडवं पसरू द्या: कोडी, कविता, नकाशे, एसटीचं वेळापत्रक, पाककृती, चरित्रं, पक्ष्यांची माहिती. चित्रांची पुस्तकं काढून घेऊ नका. आणि मूल स्वतः वाचायला लागलं म्हणून त्याला वाचून दाखवणं थांबवू नका. ही चूक फार घरांत होते. कानानं समजणारी भाषा डोळ्यांनी वाचलेल्या भाषेच्या पुढे असते, आणि गुणाकारातली दुसरी बाजू तिथेच वाढते. रात्री दहा मिनिटं, त्याला एकट्याला जरा जड जाईल असं काही, तुमच्या आवाजात.

पैसे फार लागत नाहीत. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. चौथी-पाचवीच्या पातळीला पोचलेल्या मुलासाठी याहून चांगला साठा मला माहीत नाही. 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, त्या छापूनही घेता येतात. तिसरी-चौथी पातळी काढा आणि वर्गाच्या कोपऱ्यासाठी शिवून द्या. मराठी विश्वकोशही मोफत आहे. त्याची भाषा जड आहे, पण 'ज्वालामुखी' किंवा 'मुंगी' ही नोंद शेजारी बसून वाचली की मुलं चकित होतात.

आणि आपलं सार्वजनिक वाचनालय. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात तालुक्याच्या आणि मोठ्या गावांत अनुदानित ग्रंथालयं पसरलेली आहेत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. मुलाचं सभासदत्व त्याच्याच नावानं घ्या आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. पहिल्यांदा तो चुकीचं पुस्तक निवडेल, दोन दिवसांत परत करायला जाईल. जाऊ द्या. सुट्टीत पाचगणीजवळच्या भिलारला नेता आलं तर न्या. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरांत बसून वाचता येतं.

मूल इंग्रजी माध्यमात असेल तर बऱ्याचदा शाळेला त्याचं मराठी वाचन माहीतच नसतं. २०२० च्या कायद्यानं तिथेही मराठी विषय सक्तीचा आहे. मराठीच्या बाईंना वही दाखवा, त्यांना असा विद्यार्थी मिळाला की फार आनंद होतो.

शाळा हललीच नाही तर

एक महिना झाला, काही बदललं नाही, असं होऊ शकतं. पुन्हा एकदा शांतपणे भेटा आणि तीनऐवजी एकच मागणी ठेवा: काम झाल्यावर पुस्तक वाचू द्या. तेही नाही झालं तर शाळेवरचा हट्ट काही काळ बाजूला ठेवा आणि सोबत बाहेर उभी करा. रविवारी सकाळी घराच्या ओट्यावर किंवा सोसायटीच्या जिन्यात चार मुलं, एक चटई, प्रत्येकानं आणलेलं एक पुस्तक. वाचायचं, अदलाबदल करायची, शेवटी दहा मिनिटं बोलायचं. इयत्ता विचारायची नाही. माझा असाच गट सहा वर्षं चालू आहे. त्यातली दोन मुलं शाळेत फारसं बोलत नाहीत, असं त्यांच्या आया सांगतात. चटईवर त्यांना थांबवावं लागतं.

मुलावर लक्ष मात्र ठेवा. मधल्या सुट्टीत तो नेहमीच पुस्तकात असेल तर एकदा विचारून बघा, वाचावंसं वाटतं म्हणून वाचतो की खेळायला कुणी घेत नाही म्हणून. आणि एरवी घडाघडा वाचणारं मूल वर्गात मुद्दाम अडखळत वाचायला लागलं, तर कुणीतरी चिडवतंय. हे बाईंना लगेच सांगा, त्यासाठी शनिवारची वाट पाहू नका.

आणि दर जूनमध्ये

नवीन वर्ग, नवीन बाई, सगळं पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या आठवड्यात जाऊ नका. प्रवेश, पुस्तकवाटप, गणवेश यांत बाई बुडालेल्या असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जा. जुन्या बाईंकडून, जमलं तर एप्रिलमध्येच, तीन ओळी वहीत लिहून घ्या: वर्गात काय केलं, काय चाललं, काय चाललं नाही. एका शिक्षिकेचा शब्द दुसरीला पालकाच्या दहा शब्दांपेक्षा जास्त पटतो. नवीन बाईंसमोर वहीचं ते पान उघडा, त्यांना ते वाचू द्या, आणि मग सध्या कुठलं पुस्तक चालू आहे ते सांगून ते टेबलावर ठेवा. त्यांनी ते उचलून चाळलं, की तुम्ही बोलायला सुरुवात करा.